साके गरम की गार, आणि ताटात काय? (कोबेहून)

उंबरठा | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बाहेर रोक्को डोंगरावरनं गार वारा सुटलाय आणि समोर बारीक गळ्याचा चिनीमातीचा चंबू वाफाळतोय, म्हणून बसलोच टंकायला.

कोबेला येऊन मला सहा वर्षं झाली. साकेशी, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूशी, पहिली ओळख ऑफिसच्या पार्टीत झाली, कुठल्यातरी स्वस्त इझाकायात (म्हणजे इकडचा खाण्यापिण्याचा बार), दोन तासात जेवढी ढोसाल तेवढी असल्या पॅकेजमधे. उकळतं पाणी असावं इतकी गरम, नाकात झिणझिण्या, आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की मी कानाला खडा लावला. पुढे दोन वर्षं फक्त बिअर.

मग आमच्या गल्लीतल्या दारूच्या दुकानाने मला सुधरवलं (किंवा बिघडवलं, बायकोला विचारा). इकडे जुन्या दुकानांमधे काउंटरपाशी उभ्याउभ्या प्यायची सोय असते, त्याला काकुउची म्हणतात, आपल्याकडे टपरीवर कटिंग मारतात तसं संध्याकाळी म्हातारे येतात, एक पेला, एक बशी, दहा मिनिटं आणि घरी. तिथल्या आजोबांनी मला विचारलं काय खाणार, मी म्हणलं मीठ लावून भाजलेला साबा आहे ना तो द्या. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊच. त्यांनी कपाटातली महागाची बाटली बाजूला सारली, खालच्या फळीवरची अगदी साधी जुनमाई (साकेचाच एक प्रकार) काढली, चंबूत ओतली, चंबू गरम पाण्यात ठेवला आणि दोन-तीन मिनिटांनी चंबूच्या बुडाला बोट लावून बघितलं, आंघोळीच्या पाण्यात घालतो तसं. मग म्हणाले, आधी मासा, मग घोट. तेलकट साबा तोंडात, वर कोमट साके, आणि माशाचं तेल जिभेवरून असं पुसलं गेलं आणि मागे नुसती चव राहिली. मी तिथे उभाच राहिलो.

तर धाग्याचा मुद्दा एवढाच की साकेबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते सगळं तांदूळ किती घासला याच्या टक्केवारीवर चालतं, आणि ती गोष्ट निम्मीच आहे. ताटात काय आहे आणि चंबू किती गरम आहे हे बघितल्याशिवाय बाटली चांगली की वाईट हे ठरतच नाही असं माझं मत झालंय. तुमचे अनुभव लिहा, शिव्या पण चालतील.

पुणेरी_पंखा | शनिवार, रात्री ११:५२

टक्केवारीचं नीट सांगा राव. मागच्या खेपेला एअरपोर्टवरून दासाई २३ नावाची साके आणली होती, दुकानातली पोरगी म्हणाली २३ टक्के म्हणजे बेस्ट. मला वाटलं अल्कोहोल २३ टक्के. घरी चार मित्रांनी टकिलासारखे शॉट मारले, बरोबर चिकन लॉलीपॉप. काहीच कळलं नाही, पाण्यासारखी गेली. पैसे पाण्यात.

उंबरठा | रविवार, सकाळी ९:०५

अरेरे. दासाई आणि शेझवान चटणी, वाचूनच पोटात गोळा आला.

२३ म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून शेवटी मूळच्या २३ टक्के उरला, ७७ टक्के भुसा झाला. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि चरबी जास्त, त्यातून जडपणा येतो, आत मधोमध पिठूळ पांढरा गाभा असतो तो पाहिजे असतो. ६० टक्के किंवा कमी उरला तर गिंजो, ५० किंवा कमी तर दाईगिंजो. म्हणजे दहावीच्या निकालाच्या बरोब्बर उलटं, टक्के जितके कमी तितका भाव जास्त. नावापुढे जुनमाई असेल तर त्यात तांदूळ, पाणी, कोजी (भातावर वाढवलेली बुरशी) आणि यीस्ट सोडून काही नाही. जुनमाई नसेल तर शेवटी थोडं अल्कोहोल घातलेलं असतं, आणि लगेच नाकं मुरडू नका, त्याने वास खुलतो, शिवाय या वरच्या प्रकारांत ते घातलेलं अल्कोहोल तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. लोकांच्या मनात जी भेसळीची अढी आहे ती युद्धानंतरच्या टंचाईतली, तेव्हा अल्कोहोल आणि साखर घालून एकाची तिप्पट साके करायचे. ती चव ज्यांनी प्यायली त्यांची पिढीच्या पिढी साकेपासून तुटली म्हणतात.

आता तुमची बाटली. इतक्या घासलेल्या साकेला सफरचंदासारखा, खरबुजासारखा मंद वास असतो, तो लॉलीपॉपपुढे काय टिकणार. ती वाइनच्या ग्लासात, फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी, कच्च्या पांढऱ्या माशाबरोबर नाहीतर नुसतीच प्यायची. आणि शॉट तर कुठलीच साके मारू नये, १५-१६ टक्क्यांचं पेय आहे ते, व्हिस्की नाही.

सदाशिव_पेठी | रविवार, सकाळी १०:२०

म्हणजे थोडक्यात भाताची दारू. भाताबरोबर भाताची दारू पिणे हे मला पोळीबरोबर पराठा खाल्ल्यासारखं वाटतं. राइस वाइन राइस वाइन करून उगीच कौतुक चाललंय.

बुरशीवाला | रविवार, सकाळी ११:४५

सदाशिवराव, वाइन म्हणू नका, तिथेच चुकतंय. (मी मायक्रोबायॉलॉजीवाला, नावावरून कळलंच असेल.) द्राक्षात साखर आयती असते, यीस्ट टाकलं की काम सुरू. तांदळात साखर नाही, स्टार्च आहे, तो आधी कोणीतरी तोडायला पाहिजे. बिअरवाले धान्याला मोड आणून ते काम करतात, आधी साखर बनवायची आणि मग आंबवायचं, दोन पायऱ्या. जपान्यांनी वाफवलेल्या भातावर बुरशी वाढवली, तीच कोजी, अ‍ॅस्परजिलस ओरायझी. ती स्टार्चची साखर करत राहते आणि त्याच टाकीत त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत राहतं. साखर एकदम साठत नाही म्हणून यीस्ट गुदमरत नाही आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास चढतं, न उकळता, न ऊर्ध्वपातन करता. नंतर पाणी घालून १५-१६ वर आणतात. यीस्टकडून नुसतं आंबवून इतकं अल्कोहोल काढणं सोपं नाही हो.

शिवाय भात, पाणी आणि कोजी एकदम ओतत नाहीत, चार दिवसांत तीनदा घालतात, आणि पहिल्या खेपेनंतर एक दिवस नुसतं थांबतात, यीस्टची संख्या वाढू द्यायला. त्या सुट्टीच्या दिवसाला ओदोरी म्हणतात, नाच. हे मला फार आवडतं.

२००६ साली तिकडच्या ब्रूइंग सोसायटीने कोजीला राष्ट्रीय बुरशी जाहीर केलं आणि डिसेंबर २०२४ मधे कोजी वापरून दारू करण्याची ही पारंपरिक विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि सोया सॉस पण याच बुरशीचे, त्यामुळे जपानी जेवणाशी साके जुळते यात नवल काय, घरचीच माणसं आहेत ती.

उंबरठा | रविवार, दुपारी १:३०

बुरशीवाले, एक नंबर. त्यात भर, साके करणारे कामगार हंगामात नात्तो खात नाहीत. ते तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन, त्यातला जिवाणू इतका चिवट की कोजीच्या खोलीत शिरला तर सगळी बॅच गेली.

सदाशिवराव, भाताचा मुद्दा मात्र तुम्ही नकळत बरोबर मांडलात! इथले जुने लोक साके चालू असताना भात घेतच नाहीत. आधी साके आणि बरोबर छोट्या छोट्या बशा, आणि चंबू संपला की शेवटी भात, लोणचं, मिसो सूप. त्या शेवटाला शिमे म्हणतात. पोळीबरोबर पराठा कोणी खात नाही, निश्चिंत असा.

तिरफळ | रविवार, रात्री ८:१५

उंबरठा, तुमच्या साब्याने माझा जीव घेतला. आम्ही मालवणकडचे, सध्या मुंबईत. माझा प्रश्न असा की बांगड्याबरोबर वाइन घेतली की तोंडात लोखंडासारखा, शिळ्या माशासारखा वास येतो, मग मासा ताजा असू दे नाहीतर कसाही. साकेबरोबर नाही येत का तसं?

उंबरठा | रविवार, रात्री ९:४०

लोखंडच आहे ते! वाइनमधल्या लोहामुळे माशाच्या तेलाशी गडबड होऊन तो वास सुटतो. साकेत लोह जवळपास नसतंच, कारण पाण्यात लोह असलं तर साकेचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात, त्यामुळे साकेवाले विहीर निवडताना आधी तेच बघतात.

पाण्यावरून आमच्या नादाची गोष्ट सांगतो. नादा म्हणजे कोबेपासून निशिनोमियापर्यंतची समुद्राकाठची पट्टी, साकेच्या पाच गावांची. जपानात सगळ्यात जास्त साके आमच्या ह्योगो प्रांतात होते ती मुख्यतः इथली. यामामुरा ताझाएमोन नावाचा साकेवाला होता, त्याच्या दोन भट्ट्या, एक उओझाकीला आणि एक निशिनोमियाला. निशिनोमियाची साके कायम सरस. त्याने तांदूळ सारखा केला, माणसं अदलाबदल करून बघितली, तरी फरक राहिलाच. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेऊन साके केली आणि ती तशीच उतरली. साल १८४०. त्या पाण्याला मियामिझु म्हणतात, जपानच्या मानाने कठीण पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर म्हणजे यीस्टला खुराक, आणि लोह अगदी कमी. त्याने साके जोमात आंबते आणि चव रोखठोक होते. याउलट क्योतोजवळच्या फुशिमीचं पाणी मऊ, तिथली साके हळू आंबते, गोडसर, गुळगुळीत. म्हणून जुनी म्हण आहे, नादाची पुरुषी साके आणि फुशिमीची बायकी साके. (म्हण त्यांची, मला मारू नका.)

याच यामामुराच्या घराण्याने साकेला मासामुने हे नाव आणलं म्हणतात. मासामुनेची अक्षरं दुसऱ्या पद्धतीने वाचली की सेइशु होतं आणि सेइशु म्हणजे गाळीव साके, असा तो शब्दाचा खेळ. ते नाव इतक्या जणांनी उचललं की पुढे ट्रेडमार्कच्या वेळी त्यांनाच पुढे साकुरा जोडावं लागलं. आपल्याकडच्या 'ओरिजिनल' पाट्या आठवल्या.

हे कारखाने हान्शिन लाइनवर उओझाकी ते इशियागावा स्टेशनांच्या मधे पायी फिरता येतात. पायीच फिरा, सायकल नको, पिऊन सायकल चालवणं इथे गुन्हा आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून कायदा अजून कडक झालाय. जुन्या लाकडी कोठारांपैकी बरीच मात्र १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात पडली. आता बहुतेक काँक्रीटच्या इमारती दिसतात, मधेच एखादी काळ्या फळ्यांची भिंत. दुकानातल्या आजोबांना त्याबद्दल एकदा विचारलं तर ते काही बोलले नाहीत, दुसरा चंबू भरला फक्त.

निशिकासाईची_काकू | सोमवार, दुपारी १२:१०

उंबरठा, लेख छान पण तुम्ही कान्साईवाले (कोबे-ओसाकाकडचे) फार एकांगी लिहिता बाई. मी १४ वर्षं तोक्योत आहे, माझी आवड निइगाताची साके, हलकी आणि कोरडी, गारच प्यायची. गरम केली की मला तो भाताच्या पेजेसारखा वास सहन होत नाही. आणि प्रत्येक साके गरम करून चांगली होते हा समज तुमच्या धाग्यामुळे पसरायला नको. गिंजो गरम केली तर सगळा फुलाफळांचा वास वाफेबरोबर जातो आणि खाली कडू उरतं.

दुसरं, रीतभात कोणी लिहिलीच नाही. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजारच्याचा भरायचा आणि आपला तो भरतो. मोठ्या माणसाला दोन्ही हातांनी ओतायचं, आणि घेताना पेला उचलून धरायचा, टेबलावर ठेवून नाही. सुरुवातीला मी आमच्या ह्यांचा पेला भरला नाही म्हणून ते तासभर रिकाम्या पेल्याकडे बघत बसले होते, त्यांना वाटलं मी रागावलेय.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:००

काकू, मान्य. सरसकट गरम करा असं म्हणायचं नव्हतं. पण पेजेचा वास तुम्हाला नको आणि मला नेमका तोच पाहिजे, आजीच्या हातची पेज आणि वर तूप आठवतं मला.

जपान्यांनी दर पाच अंशाला नाव ठेवलंय हे बघा: ५ ला युकिबिए म्हणजे बर्फाची गारी, १० ला फुलाची गारी, मग ३० ला हिनाताकान म्हणजे उन्हात ठेवल्यासारखी, ३५ ला हितोहादाकान म्हणजे माणसाच्या अंगाएवढी, ४० नुरुकान, ४५ जोकान, ५० आत्सुकान. कोणी म्हणेल नखरे, पण एकच किमोतो ३५ ला आणि ५० ला पिऊन बघा, दोन वेगळ्या बाटल्या वाटतात. किमोतो म्हणजे जुन्या पद्धतीने निसर्गतः आंबट जिवाणू वाढू देऊन केलेली, भात आणि कोजी लाकडी वल्ह्यांनी तासन् तास घोटायचे. १९०९ मधे ती घोटाघोटी वगळली ती यामाहाई, आणि पुढच्याच वर्षी आयतं लॅक्टिक अ‍ॅसिड घालायची झटपट पद्धत आली, आज बहुतेक साके तशीच होते. किमोतो आणि यामाहाई आंबटसर, खमंग, ताकाच्या अंगाने जातात. त्यांच्याबरोबर मिसोत मुरवलेला मासा, शिजवलेला डुक्कर, चीज सुद्धा. हो, चीज! आणि ओदेन, म्हणजे मुळा, अंडी, माशाचे गोळे तासन् तास मंद शिजवलेले, त्याबरोबर गार साके मला नको. गरम घास आणि गार घोट, घशात भांडण होतं.

शेपूची_जुडी | मंगळवार, सकाळी ७:३०

मी शाकाहारी, आणि घेत पण नाही, तरी सगळा धागा वाचला. नवरा एप्रिलमधे ओसाकाला चाललाय, तो घेतो पण मासे खात नाही. त्याच्यासाठी काही आहे का तिकडे?

निशिकासाईची_काकू | मंगळवार, सकाळी ९:५०

आहे की. वांग्याचे जाड काप भाजून वर गोडसर मिसो लावतात, नासु देंगाकु, भरल्या वांग्याची आठवण येईल इतकं छान. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, थंड तोफू, मिठातली लोणची. साकेच्या चोथ्यात मुरवलेली काकडीची लोणची पण मिळतात, नाराझुके, काळपट तपकिरी आणि उग्र, मुरलेल्या लोणच्याची सवय असलेल्याला आवडतील. पण तळलेला तोफू ज्या रश्श्यात येतो तो रस्सा, आणि मिसो सूप, यात बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचं दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, असतं. वरून काही दिसत नाही. कोन्बु म्हणजे समुद्री शेवाळाचं दाशी आहे का विचारायला सांगा. आणि तुम्हाला स्वतःला आमाझाके मागवा, कोजीची बिनदारूची असते, गोड, तांदळाच्या खिरीसारखी. फक्त चोथ्यापासून केलेली पण मिळते, तिच्यात थोडं अल्कोहोल असतं, म्हणून कोजीची असं मुद्दाम सांगा.

काजूबोंड | मंगळवार, रात्री ११:२०

गोंयचो हांव, म्हणून विचारतो, आमची फेणी आणि ही साके यात कोण भारी?

बुरशीवाला | बुधवार, सकाळी १०:१५

तुलनाच नाही, फेणी ऊर्ध्वपातन केलेली. जपानात तिचा जोडीदार शोधायचा तर ओकिनावाची आवामोरी, ती तांदळाचीच पण काळ्या कोजीवर करून मग ऊर्ध्वपातन केलेली.

पुणेरी_पंखा | बुधवार, रात्री ९:३०

जपानहून परत येणाऱ्या मित्राला या वेळी कुठली सांगू? आणि घरी गरम कशी करायची, मायक्रोवेव्हमधे चालेल का?

उंबरठा | बुधवार, रात्री ११:४५

भारतात माणशी २ लिटरपर्यंत ड्युटीशिवाय नेता येते, आणि साकेची मोठी पारंपरिक बाटली १.८ लिटरची, जणू आपल्यासाठीच बेतली आहे. पण मित्राच्या पाठीचा विचार करा, ७२० मिलीच्या दोन सांगा. एक साधी जुनमाई, एक गिंजो. नामा लिहिलेली नको, ती पाश्चराइज केलेली नसते, फ्रिज लागतो, मुंबईच्या उकाड्यात वाट लागेल. बाटलीवरची तारीख बाटली भरल्याची असते, संपण्याची नाही, बघून दचकू नका. उघडली की फ्रिजमधे, आणि गिंजो आठवड्याभरात संपवा. साधी जुनमाई जरा जास्त टिकते.

मायक्रोवेव्हमधे वर चटका आणि खाली गार होते. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, मग चंबू (नसेल तर स्टीलचा छोटा तांब्या) गळ्यापर्यंत बुडवून ठेवा. दोन-तीन मिनिटं. बोट लावून बघा, पोळायला नको. शेजारी साधं पाणी ठेवा आणि साकेइतकंच प्या, सकाळचं डोकं त्यानेच वाचतं.

तिरफळ | सोळा दिवसांनंतर, रविवार, रात्री १०:३०

धागा वर काढतोय कारण प्रयोग झाला! भाचा तोक्योहून आला, यामाहाई आणली, मी ती घेऊन गावी गेलो. पहिल्या दिवशी बांगड्याचं तिखलं आणि साके. पूर्ण आपटलं. तिरफळ आणि मिरचीपुढे साके म्हणजे नुसतं गोडसर कोमट पाणी, आणि वर सोलकढी घेतली तर तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं मसाला नको, हळद पण नको, नुसतं मीठ चोळून चुलीच्या निखाऱ्यावर भाज. ती म्हणाली आजारी आहेस काय. भाजला. तांब्यात गरम केलेली साके, आधी मासा मग घोट. उंबरठा, तुम्ही जे लिहिलंय ते तसंच झालं, तेल पुसून गेलं आणि चव राहिली. मग सुके बोंबील भाजून, तेल-कांदा काही नाही, नुसते. ते तर बांगड्याच्या वर. भाऊ आणि मी मिळून पाऊण बाटली संपवली.

उरलेली पाव बाटली सकाळी सापडेना. आईने कोळंबी धुतल्यावर ओतली होती, वास काढायला. म्हणे त्या पाण्याचा एवढा काय बोभाटा.

उंबरठा | सोमवार, सकाळी ८:००

आईंना नमस्कार सांगा. इकडे पण मासा-कोळंबीला साकेच लावतात, वास जायला. कोळंबी कशी झाली?

तिरफळ | सोमवार, सकाळी ८:२०

मस्त. आता दर वेळी मागतेय.